ससा नसलेलं पुस्तक

बिरदेव मदने त्या दुकानावरून तीनदा पुढं गेला आणि तीनदा परत आला. चौथ्या खेपेला उन्हानंच निर्णय घेतला आणि तो आत शिरला.

साल चौऱ्याण्णव, फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार, दुपार. बारामतीच्या स्टँडामागच्या त्या दुकानात गाईडं, वह्या, कंपासपेट्या आणि थोडी पुस्तकंही मिळत. गल्ल्यावर दत्तोबा नावाचे म्हातारे मालक असतात, अशी बिरदेवची माहिती होती. म्हाताऱ्या माणसाला कसं विचारायचं ते त्यानं एस.टी.त पाठ केलं होतं. गल्ल्यावर कुणीच नव्हतं. आत एक मुलगी स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरची धूळ फुंकत होती, आणि ती सगळी धूळ बिरदेवच्या इस्त्रीच्या शर्टावर येऊन बसली.

"अगबाई," ती म्हणाली. "तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच, ताई."

या 'ताई'चा त्याला पुढं फार पश्चात्ताप व्हायचा होता.

"काय देऊ?"

"पुस्तक. चित्रकलेचं. म्हणजे... शिकवायचं."

"कितवीला?"

"कितवीला असं नाही. मोठ्या माणसांना."

ती स्टुलावरून खाली उतरली. "केवढ्या मोठ्या? तुमच्याएवढ्या?"

"त्याहून," बिरदेव म्हणाला, आणि उगाचच कॉलर झटकू लागला.

इथं त्याच्या लाजेचा थोडा इतिहास सांगायला हवा. बिरदेवच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडलांनी ती विकून चार एकर रान घेतलं, आणि बिरदेव बी.ए., बी.एड. होऊन कऱ्हाटीच्या बाजूच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवू लागला. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्यानं फळ्यावर सुविचार लिहिला की लोक सुविचार न वाचता नुसते अक्षर बघत उभे राहायचे. हेडसरही त्यांतलेच. चित्रकलेचे जुने शिक्षक निवृत्त झाले तेव्हा ते म्हणाले की ज्याचं अक्षर असं, त्याला चित्र काय अवघड, आणि चित्रकलेचे सगळे तास बिरदेवच्या नावावर टाकून मोकळे झाले. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते एकट्या बिरदेवला, कारण त्याला चित्र काढता येत नव्हतं. थोडंसुद्धा नाही. त्यानं फळ्यावर घोडा काढला, तर पोरांनी तो टेबल समजून त्यावर फुलदाणी काढली होती. पण नोकरी नवीन होती आणि हेडसरांना 'नाही' म्हणण्याइतकी छाती त्याला नव्हती. मग फळ्यावर 'मुक्तहस्त चित्र' एवढे दोन शब्द सुरेख लिहायचे आणि तासभर खिडकीतून बाहेर बघायचं, असं त्यानं दीड वर्ष निभावलं.

पुढंही निभावलं असतं. पण रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात तो साक्षरतेचा वर्ग घ्यायचा. चौदा बायका अंगठा सोडून सही करू लागल्या, बोट ठेवून वाचू लागल्या. तेव्हा त्यांच्यातली थोरली फुलाबाई म्हणाली, "मास्तर, सही झाली. वाचायला बी झालं. आता चित्रं शिकवा. तुमी चित्राचं मास्तर हाय न्हवं?"

तेव्हाच 'न्हाय' म्हणायला हवं होतं. बिरदेव 'बघू' म्हणाला. त्या दिवसापासून बायका दर रविवारी पेन्सिली टोकदार करून बसत होत्या.

हे सगळं दुकानातल्या मुलीला सांगायचं कारण नव्हतं. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढं ठेवला. कागदावर वर लिहिलं होतं : 'प्रौढांना चित्रकला शिकवण्यासाठी उपयुक्त पुस्तके'. खाली एक ते दहा आकडे होते, आणि आकड्यांपुढं काही नव्हतं. पुस्तकं त्याला माहीत नव्हती. आकडे मात्र देखणे होते.

मुलगी कागदाकडं बघतच राहिली. मग बिरदेवकडं बघितलं, मग पुन्हा कागदाकडं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"स्वतः?"

अक्षरावर भाळणारी माणसं बिरदेवनं पुष्कळ बघितली होती. तो विनयानं हसला.

"म्हणजे तुम्ही चित्रकला शिक्षक," ती म्हणाली. "डिप्लोमा कुठून केलात?"

"पुण्याहून."

"कुठल्या साली?"

"झाला तेव्हाच केला..." बिरदेव म्हणाला, आणि कान तापल्याचं त्याला कळलं.

तिनं पुढं विचारलं नाही. आतून तीन प्रकारची पुस्तकं आणून मांडली. पहिल्यात ससा, आंबा आणि फुगा. दुसरं सरकारी ग्रेड परीक्षांचं. तिसरं इंग्रजी, विटेएवढं जाड. बिरदेवनं जाणकारासारखं ते मधोमध उघडलं. पानावर एक माणूस उभा होता. त्याच्या अंगावर कपडे नव्हते आणि कातडीही नव्हती. घाईघाईनं पान उलटलं तर तिथं एक बाई होती. तिला कातडी होती, पण कपड्यांची बाजू तशीच राहिली होती. पुस्तक इतक्या जोरात मिटलं की शेजारच्या चहावाल्यानं डोकावून बघितलं.

"हे चालेल?" तिनं विचारलं. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

"आमच्या वर्गात... फुलाबाई आहेत."

"मग नको," ती म्हणाली. "सशाचं नेऊन बघा. परत येईल, पण नेऊन बघा."

नाव तिनं सांगितलं नाही. ते गल्ल्याकडं येणाऱ्या दत्तोबांच्या हाकेतून कळलं. माधवी. त्यांची भाची, गाव भवानीनगर.

सशाचं पुस्तक रविवारी सकाळी नऊला उघडलं आणि सव्वानऊला मिटलं. फुलाबाईनं सशाकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "ससा म्या रानात धरून, भाजून खाल्लाय मास्तर. त्येला गुलाबी रंग कशापायी देऊ?" बायका पदरात तोंड घालून हसल्या. कुशाबाई तेवढी हसली नाही. तिनं पुस्तक मिटून गुडघ्याखाली सरकवलं, कारण तेच पुस्तक घरी तिच्या नातीकडं, छकुलीकडं होतं. नात बालवाडीत होती. कुशाबाईचं ते गुडघ्याखाली सरकवणं बिरदेवला आठवडाभर टोचत राहिलं.

पुढच्या शनिवारी त्यानं हे माधवीला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं फक्त कुशाबाईचं वय विचारलं आणि ग्रेड परीक्षेचं पुस्तक पुढं सरकवलं. त्याच्या पहिल्याच पानावर पितळी कळस होता, इतका हुबेहूब की त्यात खिडकीचं प्रतिबिंबही होतं. रविवारी बायकांनी तो हातोहात बघितला, वाखाणला, आणि एकीनंही कागदाला पेन्सिल लावली नाही. फुलाबाईनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, "ह्यो तर झालाय की काढून. आता आमी काय काढायचं?"

तिसऱ्या शनिवारी हे ऐकून माधवी हसली. पहिल्यांदाच. आधी डोळ्यांनी, मग ओढणी तोंडाशी नेऊन, मग ती सोडून. बिरदेवला वाटलं, बायकांनी आणखी दहा पुस्तकं परत पाठवावीत. तो हल्ली शुक्रवारी रात्रीच शर्टाला इस्त्री करायचा. एस.टी.त खिडकीशी बसायचा नाही, केस उडतात म्हणून. एकच अडचण होती : पहिल्या दिवशी तोंडातून गेलेली 'ताई' परत कशी घ्यायची, ते कळत नव्हतं. दुसऱ्या शनिवारपासून तो तिला काहीच म्हणत नव्हता. नुसता "हे..." म्हणायचा आणि थांबायचा.

"हे... मग मोठ्यांचं पुस्तक ओळखायचं कसं?"

माधवी दत्तोबांनी मागवलेला चहा बशीत ओतत होती. "लहान पोर चित्र काढतं आणि पळत जाऊन आईला दाखवतं," ती म्हणाली. "मोठं माणूस काढायला बसलं की आधी डावा हात आडवा धरतं, कुणी बघू नये म्हणून. चित्र शिकवायच्या आधी त्याचा तो हात काढावा लागतो. गुळगुळीत, पुसून चकाचक केलेली चित्रं दाखवली तर हात आणखी घट्ट बसतो. ज्या पुस्तकात चुकलेल्या रेघा तशाच ठेवल्यात, ते मोठ्यांचं."

"असलं पुस्तक असतं?"

"पुण्याहून मागवते. पुढच्या शनिवारी या."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"आवड आहे," ती म्हणाली, आणि बशी त्याच्यापुढं सरकवली. स्वतःची.

चौथ्या शनिवारी पुस्तक आलं होतं. पातळ, राखाडी कव्हराचं, आत निम्मी पानं कोरी. चित्रं होती ती खरोखरच चुकतमाकत काढलेली. एकाच तांब्याला तीन कडा, त्यांतली एक बरोबर. बिरदेवनं ते पान दोनदा उलटून बघितलं. आपल्यासारखं कुणीतरी छापलं होतं.

"आधी तुम्ही करून बघा," माधवी म्हणाली. तिनं मामांचा चष्मा गल्ल्यावर ठेवला आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली. "पहिला धडा. पाच मिनिटं."

नाही म्हणायला जागा नव्हती. त्यानं पेन्सिल धरली. काच काढली, ती बटाट्यासारखी आली. दुसरी काच पहिलीला भेटेना. कधी ते कळलं नाही, पण त्याचा डावा हात कागदावर आडवा आला होता.

"सर," माधवी हळूच म्हणाली. "हात."

त्यानं हात काढला नाही.

"डिप्लोमा झालेला माणूस पेन्सिल अशी धरत नाही. तुम्ही लिहायला धरता तशी धरलीय."

बिरदेवला अजून एक थाप सुचत होती. तेवढ्यात तिनं गल्ल्याखालच्या खणातून एक पत्र काढून चष्म्याशेजारी ठेवलं. वर त्याच्या शाळेचं नाव. कु. माधवी देवकाते, भवानीनगर यांस. 'आपला अर्ज मिळाला. तथापि विद्यालयात पात्र चित्रकला शिक्षक कार्यरत असल्याने सदर पद रिक्त नाही.' खाली हेडसरांची सही. वरचं अक्षर मोत्यासारखं.

शाळेची सगळी पत्रं बिरदेवच लिहायचा. हेडसर सांगायचे, तो लिहायचा. अशी किती लिहिली ते त्याला आठवतही नव्हतं.

"नऊ शाळांत अर्ज केले होते," माधवी म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आठांनी उत्तरच दिलं नाही. तुमचं तेवढं आलं. इतक्या सुंदर अक्षरात कुणी नाही म्हटलं नव्हतं, म्हणून ठेवलं."

"म्हणजे... पहिल्या दिवशीच?"

"यादी दिलीत तेव्हाच."

"मग बोललात का नाही?"

ती पेन्सिलीचं टोक बघत होती. "वाटलं, तुम्ही सांगाल. दर शनिवारी वाटायचं."

बिरदेव उठला. पुस्तक गल्ल्यावरच राहिलं. स्टँडवर तो चुकीच्या एस.टी.त बसला आणि इंदापूरच्या वाटेला बरंच पुढं गेल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं. कंडक्टरनं चार माणसांत त्याचा उद्धार केला. बिरदेवला तो कमीच वाटला.

पुढचे दोन शनिवार तो बारामतीला गेला नाही. विचार केला तर त्याच्या प्रेमाच्या आड काहीच येत नव्हतं. जात एक होती, गाव लांब नव्हतं, पत्रिका बघणारं घरात कुणी उरलं नव्हतं. आड येत होता तो फक्त बिरदेव. तो तिच्या खुर्चीवर बसला होता, आणि खुर्ची रिकामी नाही हेही त्यानंच तिला कळवलं होतं, शुद्धलेखनाची एकही चूक न करता.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं अर्ज लिहिला. 'मला चित्रकला येत नाही. तरी सदर तास माझ्याकडून काढून घेऊन पात्र शिक्षकाची नेमणूक व्हावी.'

हेडसरांनी तो दोनदा वाचला आणि कौतुकानं मान हलवली. "मदने, विनय असावा, पण किती? या अक्षरात लिहिलेलं कोण खरं मानेल?"

"खरं आहे सर. येत नाही."

"कलावंताला असं अधूनमधून वाटतंच," हेडसर म्हणाले, आणि अर्ज बाजूला ठेवू लागले.

मग बिरदेवनं जे केलं त्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. त्यानं टेबलावरचा कोरा कागद ओढला, हेडसरांना हलू नका म्हणाला, आणि भर स्टाफरूममध्ये, सात शिक्षकांच्या देखत, त्यांचं चित्र काढलं. डावा हात त्यानं खिशात घातला होता. पाच मिनिटांनी कागद फिरवून समोर ठेवला.

हेडसरांनी कागद उजेडाकडं धरला. "हा मी?" त्यांनी विचारलं.

"व्हय सर."

"आणि हे काय, कान?"

"नाक, सर."

हेडसरांनी टोपी सारखी केली, पेनाचं टोपण काढलं आणि अर्जावर 'शिफारस आहे, तातडीने' असं लिहिलं.

संस्थेचे सचिव दादासाहेब होते. त्यांनी जागा भरायला मान्यता दिली, पण दीड वर्ष फसवणूक झाली, ती सूचना फलकावर लागली पाहिजे, असंही बजावलं. सूचना लिहायची वेळ आली तेव्हा शाळेत चांगलं अक्षर एकाचंच होतं. 'श्री. मदने यांना चित्रकला येत नसल्याने सदर पद भरण्यात येत आहे,' हे बिरदेवनं स्वतः खडूनं लिहिलं, वर रंगीत किनार काढली, आणि पोरं ते मोठ्यानं वाचत असताना शेजारून वर्गावर गेला. मुलाखतीची पत्रंही त्यानंच लिहिली. भवानीनगरच्या पत्रात शेवटी आणखी एक ओळ लिहावीशी वाटत होती. लिहिली नाही. कार्यालयीन पत्र होतं.

जूनमध्ये माधवी रुजू झाली. स्टाफरूममध्ये ती त्याला 'सर' म्हणायची आणि तो भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं बघून उत्तर द्यायचा. दुसऱ्या आठवड्यात तिनंच निरोप धाडला : रविवारचा वर्ग मी घेते, तुम्ही या. शिकायला.

व्हरांड्यात चौदा बायका सतरंजीवर होत्या. बिरदेव शेवटी, माठाच्या बाजूला बसला. माधवीनं राखाडी पुस्तक उघडलं आणि आजचा धडा सांगितला. दोघींनी समोरासमोर बसायचं. समोरच्या माणसाकडं बघायचं, वहीकडं अजिबात नाही. डोळे चालतील तशी पेन्सिल चालवायची, उचलायची नाही. चित्र चुकणारच आहे, कुणी दुरुस्त करायचं नाही.

बायकांच्या सात जोड्या झाल्या. कुशाबाई सुनेच्या समोर बसली. सासू-सुनेनं एकमेकींकडं इतका वेळ बघायची घरातली ही पहिलीच खेप असावी.

"बाई, मास्तर एकलंच उरल्यात," फुलाबाई म्हणाली.

माधवी येऊन बिरदेवच्या समोर बसली. मांडीवर वही घेतली. "सुरू करा. वहीकडं बघायचं नाही. माझ्याकडं बघायचं."

गेले तीन महिने बिरदेवनं नेमकं हेच टाळलं होतं. आता तो धडा होता. त्यानं भुवईपासून सुरुवात केली. डावी भुवई उजवीहून जरा वर होती, जणू तिला काहीतरी पटत नव्हतं. नाकाच्या शेंड्यावर घाम. कानामागं अडकवलेली बट सुटली, तिनं ती परत अडकवली नाही. पत्र्यावर चार थेंब वाजले आणि थांबले. त्या बाजूला पाऊस एवढ्यावरच भागवतो.

"मला लाज वाटत होती," तो पुटपुटला. "म्हणून आलो नाही."

"माहीत आहे. मामा दर शनिवारी दोन चहा सांगायचे. तुमचा मीच प्यायले." ती त्याच्या कपाळाकडं बघत होती, पेन्सिल चालू होती. "ती सूचना वाचली मी. किनार कशाला काढली होती?"

"रिकामं दिसत होतं."

तिच्या ओठाची कड हलली, आणि बिरदेवची पेन्सिलही हलली.

"पहिल्यांदा पुस्तकासाठी आलो होतो," तो म्हणाला. "पुढच्या खेपांना... पुस्तक निमित्त होतं. आणि ती 'ताई' चुकून म्हणून गेलो."

"बोलू नका. तुमची हनुवटी हलते."

"माधवी." हे नाव त्यानं तोंडानं पहिल्यांदाच घेतलं. पेन्सिल तिच्या कानापाशी होती. "माझ्याशी लग्न कराल?"

पेन्सिल वहीवरून उतरून सतरंजीवर गेली. माधवीनं आजूबाजूला बघितलं. सगळ्या जणी मान वर करून एकमेकींना न्याहाळत होत्या, पण कान कुणाचेच झाकलेले नव्हते.

"वही द्या," ती कोरडेपणानं म्हणाली. शिक्षिकेनं शेरा लिहावा तसं तिनं चित्राखाली काहीतरी लिहिलं आणि वही परत देण्यासाठी हात पुढं केला.

ती वाटेतच फुलाबाईनं घेतली. "बघू, मास्तरांनी बाईंचं काय क्येलंय." तिनं वही लांब धरली, जवळ धरली, उलटी करून बघितली. "रांजण बरा काढलाय," ती म्हणाली. मग तिला खाली अक्षरं दिसली. आणि वाचता येणारं माणूस अक्षरं दिसल्यावर थांबत नाही. तिनं त्यांच्यावर बोट ठेवलं.

"बाई, तुमचं अक्षर लई घाण हाय. चि... त्र. चु... क... लं... य." बोट पुढं सरकलं. "उ... त्त... र... हो."

सगळ्या पेन्सिली थांबल्या. माधवीचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुठं बघावं ते सुचेना.

"उत्तर कशाचं?" फुलाबाईनं विचारलं. "मास्तर, काय इचारलं हुतं?"

बिरदेव उठून उभा राहिला. कान तापले होते, सगळा वर्ग त्याच्याकडं बघत होता.

"लगीन करता का, असं इचारलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मग फुलाबाईनं वही मिटून माधवीच्या मांडीवर ठेवली.

"त्यानं त्वांडानं इचारलंय बाई," ती म्हणाली. "तुमी बी त्वांडानंच सांगा. आमाला वाचायला येळ लागतो."

माधवीनं वहीकडं न बघता, समोर बघून सांगितलं.